कालव्यावर कोण होतं

घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढता काढता संयोगिताच्या कानावर तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव पडलं. आवाज ऋषिराजचा होता. गेली दोन-तीन वर्षं संध्याकाळच्या स्वयंपाकाला हाच आवाज तिच्या सोबतीला असायचा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ओट्यावर फोन डब्याला टेकवून ठेवायचा, एकीकडे कणीक, एकीकडे ऋषिराज. त्याच्या चॅनेलवर खून, बेपत्ता माणसं, विहिरी, पोती, न उलगडलेल्या केसेस. तो पुण्याकडचा कुणी पोरगा असावा. चेहरा तो दाखवायचा नाही, फक्त आवाज, आणि आवाज असा, की दूरच्या नात्यातला शहाणा दीर समजूत काढतोय असं वाटावं. मेलेल्यांची नावं तो हळू उच्चारायचा. संयोगिताला ते आवडायचं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ती आणि फिजिक्सची अर्शिया मुलाणी डबा खाताना त्याच केसेस चघळायच्या. खंडाळ्याकडच्या एका बाईच्या केसवर तर दोघींचं आठवडाभर चाललं होतं, नवरा की दीर. संयोगितानं व्हिडिओखाली लिहिलंसुद्धा होतं, 'नवराच. त्याचे डोळे बघा.' पुष्कळ लोकांनी अंगठे दिले होते आणि तिला त्याचं दिवसभर बरं वाटत राहिलं होतं. त्या नवऱ्याचं पुढं काय झालं, हे मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि आता तोच आवाज म्हणत होता, 'कडेगावच्या अलीकडे, उसाच्या रानातून जाणारा एक कालवा. आणि एकोणीस वर्षांची मंगल.'

तिनं मान वर केली तेव्हा पडद्यावर मंगलताई होती. बारावीच्या वेळी काढलेला फोटो, दोन वेण्या, कपाळावर टिकली जरा बाजूला सरकलेली. फोटोचा फोटो होता तो. वरच्या कडेला हारातल्या झेंडूचा एक तुकडा राहून गेला होता. म्हणजे भिंतीवरचा फोटो कुणीतरी उभं राहून काढला होता. तो फोटो दोनच ठिकाणी होता, गावच्या घरात, जे आता कुलूपबंद असतं, आणि साताऱ्याला भावाच्या, नानासोदादाच्या हॉलमध्ये. कुणी दिला? हा प्रश्न तिच्या मनात सगळ्यात आधी आला, दुःखाच्याही आधी, आणि याचं तिला मागाहून आश्चर्य वाटलं. मग नटांकडून करून घेतलेला प्रसंग सुरू झाला. पिवळी ओढणी घेतलेली एक मुलगी कालव्याच्या काठावर वाकून काहीतरी धूत होती. मागून एक माणूस येत होता, डोक्याला पांढरा रुमाल, चेहरा अंधारात ठेवलेला. पाण्याचा मोठा आवाज. मग तोच माणूस जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी बसून चिखलानं भरलेली पँट धूत होता. 'अपघात, असं पोलिसांनी लिहिलं,' ऋषिराज म्हणाला, 'पण त्या दुपारी मंगलचा भाऊ नक्की कुठे होता? एक साक्षीदार आहे, जी आजही काहीतरी लपवते आहे. मी आरोप करत नाही. मी फक्त प्रश्न विचारतो.' गॅसवर फोडणी जळून काळी झाली. संयोगितानं गॅस बंद केला, पण फोन बंद केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. एवढंच नाही, खालच्या प्रतिक्रियाही वाचल्या. 'भावाला आत घ्या, पटकन बोलेल.' 'इज्जतीचा मामला दिसतोय.' 'पोरगी कुणाबरोबर तरी असणार.' हाताला शेंगांचा हिरवा वास येत होता, आणि त्या वासात तिला जाणवलं की आपण हे सगळं त्याच भुकेनं वाचतोय, ज्या भुकेनं खंडाळ्याच्या बाईचं वाचलं होतं.

मंगलताई गेली तेव्हा संयोगिता अकरा वर्षांची होती. घरात सांगितलं ते एकच, पाय घसरला. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, ताई घरातल्या वाकळा-गोधड्या धुवायला गेली होती, पाय घसरला. त्यापुढं कुणी बोललं नाही. आईनं कालव्याच्या बाजूची खिडकी खिळे मारून बंद केली, वडील त्यानंतर त्या वाटेनं रानात गेले नाहीत, आणि नानासोदादा वर्षभरात साताऱ्याला गॅरेजवर कामाला लागला तो तिकडचाच झाला. संयोगिताला त्या दिवशी शेजारच्या घरात कोंडल्यासारखं ठेवलं होतं. तिथल्या बाईनं तिला गूळ-शेंगदाणे दिले होते, आणि तिनं ते खाल्ले होते, कारण तोवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढं पक्कं आठवतं. आणि अजून एक. परसात दादा बसलाय, पँट धुतोय, दगडी डोणीपाशी, मान वर करत नाही. तिनं हाक मारली तरी करत नाही. हे तिला आठवत होतं. इतकी वर्षं हे तिच्या आत कुठंतरी पडून होतं आणि आता वर आलं होतं, की आताच कुणी टाकलं होतं? ती रात्रीच्या भांड्यांपाशी उभी राहून दादाचा चेहरा आठवू लागली. मोहरमला कडेगावचे उंच ताबूत बघायला तिला खांद्यावर घेऊन गेलेला दादा, गर्दीत तिचे पाय घट्ट धरून ठेवणारे त्याचे हात. त्या हातांवरच तिचं मन अडकून बसलं. घट्ट धरणारे हात. ते कुणालाही घट्ट धरू शकतात.

दुसऱ्या दिवसापासून सांगली बदलली. म्हणजे सांगली तीच होती, मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की हळदीचा वास, कोपऱ्यावर भडंगवाल्याची गर्दी, पण माणसं तिच्याकडे बघून किंचित थांबू लागली, किंवा तिला तसं वाटू लागलं, आणि या दोन्हींत फरक करणं तिला जमेना. अर्शियानं डबा उघडला आणि झाकण हातात धरून तशीच बसली. "मॅडम, तुमचं माहेर कडेगावकडचंच ना?" तिनं विचारलं. संयोगिता हो म्हणाली. अर्शियानं पुढं काही विचारलं नाही, आणि रोज तोंड न मिटणारी ही बाई गप्प बसली, म्हणजे तिनं काय ठरवलं असेल, याचा संयोगिता तासभर विचार करत राहिली. वर्गात मागच्या बाकावरच्या दोन मुली कुजबुजल्या तर तिचा हात फळ्यावर थबकला. घरी तिचा नवरा राजवर्धन जेवताना म्हणाला, "तू हे कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. बहीण कालव्यात बुडाली म्हणून."

"हां, ते बोलली होतीस." त्यानं ताकाची वाटी तोंडाला लावली. "नाही, म्हणजे घरात तेव्हा काही वाद वगैरे?"

"कसला वाद?"

"काही नाही. असंच."

असंच. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि हा माणूस बियाण्यांच्या कंपनीच्या फिरतीवरून आला की तिला सगळ्या तालुक्यांच्या गोष्टी सांगायचा. तो असंच म्हणून काही विचारत नसे. नंतर चार्जिंगला लावलेला त्याचा फोन तिनं उचलला तर त्यावर तोच भाग अर्ध्यावर थांबवलेला होता, नेमका त्या पांढऱ्या रुमालावर. त्यानं तो पुन्हा मागं नेऊन बघितला असणार. तिनं फोन होता तसा ठेवला. तो काय शोधत होता त्या रुमालात? नानासोदादाची उंची? गेल्या दिवाळीला हेच दोघं साताऱ्याच्या गच्चीवर बसून गप्पा मारत होते. आता राजवर्धन त्या गप्पाही मनात मागं नेऊन बघत असेल. आणि ती राजवर्धनला बघत होती. घरात कुणी काही बोलत नव्हतं आणि सगळे सगळ्यांना बघत होते.

सगळ्यात जास्त ती स्वतःच्याच डोक्यावर नजर ठेवून होती. दगडी डोणी तिला सोडेना. एका दुपारी मोकळ्या तासाला तिनं डोळे मिटून गावच्या परसात फेरी मारली. मागचं दार. डावीकडे न्हाणी. न्हाणीपाशी निळं प्लॅस्टिकचं पिंप. शेवग्याचं झाड. गोठ्याची भिंत. कपडे वाळत घालायची तार. डोणी कुठं होती? तिनं पुन्हा फेरी मारली. डोणी नव्हतीच. त्यांच्या परसात दगडी डोणी कधीच नव्हती, जनावरं पाटाला नेऊन पाजायचे. डोणी ऋषिराजच्या भागात होती. म्हणजे तिच्या आठवणीत तो माणूस शिरून बसला होता, स्वतःची डोणी घेऊन. तिला इतकं हलकं वाटलं की ती स्टाफरूममध्ये एकटीच हसली. पण हसू ओठांवर असतानाच तिला तारेवरची पँट दिसली. दादाची खाकी पँट, निथळत असलेली, आणि कालव्याच्या गाळाचा तो कुजका गोड वास. तारेवर वाळत घातलेली पँट ऋषिराजच्या भागात कुठंच नव्हती. ती खरी होती. तिच्यावरून शेजारची बाई आणि आई काहीतरी दबक्या आवाजात बोलल्याही होत्या. मग पँट का धुतली होती? कुणाला दिसू नये म्हणून?

रविवारी ती साताऱ्याला गेली. राजवर्धनला म्हणाली, वहिनीला बरं नाही. बस इस्लामपूर सोडून पुढं गेली, दोन्ही बाजूंनी तोडलेल्या उसाची रिकामी रानं, मध्येच पाचट पेटवल्याचा धूर, आणि ती खिडकीला डोकं टेकून प्रश्न जुळवत बसली. कसं विचारायचं? 'दादा, सहज.' 'दादा, लोक बोलतात म्हणून.' प्रत्येक वाक्य मनात म्हणून बघितलं की ते ऋषिराजच्याच आवाजात ऐकू यायचं. मी आरोप करत नाही, मी फक्त प्रश्न विचारते.

कोरेगाव रस्त्याला नानासोच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. तो आत, उघड्या बॉनेटच्या जीपशेजारी लोखंडी स्टुलावर नुसता बसला होता. हात स्वच्छ होते. त्याचे स्वच्छ हात तिनं कधी पाहिलेले नव्हते.

"आलीस व्हय," तो म्हणाला. "बस की."

"दुकान बंद का ठेवलंय?"

"उघडं असलं की पोरं येत्यात. गाडी दावायला न्हाई, मला बघायला. परवा एकजण फोन वर धरून चित्रच काढाय लागला." तो जरा हसला. "म्हनला, काका, सहज."

प्रांजल, त्याची मुलगी, गॅरेजला लागूनच असलेल्या घरातल्या खोलीतून बाहेर येत नाही, कॉलेजला जात नाही, हेही त्यानंच सांगितलं. फोटो तिनंच दिला होता. तीही ऋषिराजचं ऐकायची. त्याचा तिला आपणहून निरोप आला, तुमच्या आत्याला न्याय मिळवून द्यायचाय, फोटो असेल तर पाठवा. पोरीला वाटलं, श्रद्धांजलीसारखं काहीतरी असेल. "तिला काय बोलू?" नानासो म्हणाला. "रडून रडून डोळं सुजलेत तिचं. मला म्हनती, पप्पा, मी फकस्त फोटो दिला. मी म्हनलं, व्हय बाळा."

संयोगितानं पदराशी चाळा केला. बाहेरून एक ट्रक गेला आणि शटर थरथरलं. मग ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी तुझी पँट तारेवर होती. चिखलाची."

तो तिच्याकडे बघत राहिला, रागानं नाही, तर ओळखीचं माणूस गर्दीत हरवावं आणि आपण डोळे ताणून शोधावं, तसा.

"तुला लहान म्हनून कुणी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "इस्लामपूरला कारखान्यावर ऊस टाकून मी परत येत हुतो. ट्रॅक्टर पुलावर आला आन् आरडाओरडा ऐकू आला. धनगरवाड्यातली भामाबाई वरडत हुती पल्याडनं. मी तसाच उडी टाकली. कालव्याला गाळ लय. पानी अडवायच्या खालच्या दरवाज्याला अडकली हुती ती, वाकळंसकट. मीच काढली भाईर." त्यानं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "त्येची पँट."

ती रडायला लागली. त्यानं उठून माठातलं पाणी आणून दिलं. तांब्या तिच्या हातात देताना तो म्हणाला, "भामाबाईनं समदं बघितलं हुतं. पोलिसांना तिनंच सांगितलं. अजून हाय म्हातारी." आणि मग, तांब्या न सोडता, "खात्री झाली का तुझी?"

"झाली."

"बरं झालं तू इचारलंस. बाकीचे इचारत न्हाईत."

वहिनीनं भाकरी आणि पिठलं केलं होतं. प्रांजलच्या खोलीचं दार बंदच होतं. दादा तिला स्टँडवर सोडायला आला, सांगलीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिली, बस हलेपर्यंत खाली उभा राहिला. संयोगिताला खात्री झाली होती. खरंच झाली होती. असा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला कळत होतं. मग कऱ्हाड येता येता तिला दुसरंही कळू लागलं, की खंडाळ्याच्या त्या नवऱ्यानंसुद्धा असंच काहीतरी सांगितलं होतं, मीच तिला बाहेर काढलं म्हणून, आणि ते ऐकून ती आणि अर्शिया कशा एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. अशीच सांगतात ही माणसं. कऱ्हाडला ती उतरली. स्वतःला म्हणाली, दादासाठीच जातेय, भामाबाईचं एकदा ऐकून घेतलं की राजवर्धनला सांगता येईल, सगळ्यांना सांगता येईल. आणि कडेगावकडच्या बसमध्ये चढली.

गावात ऊन रणरणत होतं. कालवा कोरडा होता, तळाला भेगाळलेला गाळ आणि त्यात रुतलेली एक चप्पल. तिनं तिकडे फार पाहिलं नाही. धनगरवाड्याच्या कडेला भामाबाईचं घर होतं, पुढं बाभळीच्या सावलीत म्हातारी शेळीच्या एका करडाला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. डोक्यावरचा पदर, कपाळावरचं गोंदण, हात वाळलेल्या मुळीसारखे. संयोगितानं ओळख सांगितली.

"आगं बया, मंगलीची भन व्हय तू," भामाबाई म्हणाली. "बस, बाई, बस. किती थोराड झालीस."

"आजी, मला त्या दिवसाचं सांगा. तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"बघितलं की. मी पल्याडच्या अंगाला शेरडं घिऊन हुते. तुजी भन वाकळ धूत हुती. वाकळ भिजली की लय जड हुती, बाई. हातातनं सुटली. ती धराय वाकली आन् गेली. मी वरडले. लय वरडले. मग टॅक्टर थांबला पुलावर, तुज्या भावानं उडी टाकली." करडू बाटली सोडून डोकं हलवू लागलं, तिनं ते पुन्हा धरलं. "त्यानंच काढली. मिठी मारून बसला हुता तिला. मानसांस्नी सोडवावा लागला."

संयोगितानं डोळे मिटून घेतले. सावलीत वारा आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला, आणि त्याबरोबर लाजही आली, पण लाजेचं काय, ती सोसता येईल. उद्या ती राजवर्धनला समोर बसवून सांगेल. अर्शियालाही. साताऱ्याला फोन करून प्रांजलशी बोलेल.

"पर आता मोबाईलात येगळंच दावत्यात," भामाबाई म्हणाली.

"ते खोटं आहे, आजी."

"बिरदेवानं, माज्या नातवानं दावलं. दोन-चारदा बघितलं म्या. मागनं मानूस येतुय की गं. धवळा रुमाल बांदलेला."

"ते नट आहेत. नाटकातले. त्यांनी मुद्दाम तसं काढलंय."

"आसंल." म्हातारीनं बाटली खाली ठेवली आणि कालव्याच्या दिशेनं पाहिलं. "पर तवाधरनं डोळं मिटलं की त्योच दिसतुय. मंगली वाकलीया, आन् मागनं त्यो येतुय. आदी न्हवता दिसत. आता दिसतुय. हुता का न्हवता, मला सांगता यीना."

"आजी, तुम्ही तेव्हा पोलिसांना सांगितलं होतं. वाकळ सुटली म्हणून. आत्तासुद्धा तेच सांगितलंत मला."

"तवाचं तवा सांगितलं. तवा जे दिसलं ते. आता जे दिसतुय ते आता सांगाय नगं व्हय? म्या काय खोटं बोलायची न्हाई, बाई." ती थांबली. "त्यो मोबाईलात बोलनारा पोरगा आलता हितं, दाढीवाला. लय गोड बोलला. समदं सांगितलं त्येला, तर म्हनला, एवढंच का, आजी? आजून काय आठवतंय का बघा. पुना यिनार हाय म्हनला. आठवलं तर सांगा म्हनला. बिरदेवापाशी नंबर दिऊन गेलाय."

संयोगिता पुढं सरकली. तिनं म्हातारीचा हात धरला. "आजी, त्याला हे सांगू नका. पाया पडते तुमच्या. तो माणूस नव्हता. तुम्हाला माहीत आहे, नव्हता. माझ्या भावाचं वाटोळं होईल. त्याची मुलगी घराबाहेर पडत नाही. काही सांगू नका त्याला, पुन्हा आला तर घरात नाही म्हणून सांगा."

बोलता बोलताच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. घाईचा, दबका. भामाबाईनं हात हळूच सोडवून घेतला. तिचे डोळे बारीक झाले होते. मघाचं, बस बाई, किती थोराड झालीस म्हणणारं काही आता त्यांत उरलं नव्हतं. मुलखाबाहेरचं मेंढरू कळपात शिरल्यावर त्याच्याकडे बघावं, तशी ती बघत होती.

"का गं?" तिनं विचारलं. "का नगं सांगू?"

"कारण ते खरं नाही."

"तुज्या भावानं धाडलं व्हय तुला?"

"नाही, आजी. त्याला माहीतसुद्धा नाही मी इथं आलेय."

"मग चोरून आलीस?"

पर्समध्ये फोन वाजू लागला. तिनं काढून पाहिलं, दादाचा होता. न उचलावा तर म्हातारी बघत होती. तिनं उचलला.

"संयू, पोचलीस का गं घरी?" नानासोचा आवाज आला. शांत होता, बऱ्याच दिवसांनी जेवल्यासारखा. "लय ऊन हाय म्हनून केला. प्रांजल भाईर आली. तू इचारलंस, मी सांगितलं, समदं ऐकलं म्हने तिनं दाराआडनं. माझ्यासंगं जेवली आत्ता. तुझी खात्री झाली म्हनून लय बरं वाटलं बघ तिला."

बाभळीखाली करडू उठून उभं राहिलं. भामाबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, एकही शब्द निसटू नये अशी.

"हो, दादा," संयोगिता म्हणाली. "पोचले मी सांगलीत."

भामाबाईनं करडू काखेत मारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि नातवाला हाका मारत घरात गेली.